वस्तादांची चाळीस कार्डं

१

चाळीस कार्डांच्या पेटीत एकतीस कार्डं निघाली, आणि ती एकतीसच आहेत याची खात्री करण्यासाठी सकाळपासून अकरा वेळा मोजून झाली होती.

तपासनीस बाईंनी बाराव्यांदा मोजायला हात पुढे केला तेव्हा कारखान्याचे मालक म्हणाले, "मोजा, मोजा. तुमच्या हाताला गुण असेल तर नऊ वाढतील."

नऊ वाढली नाहीत.

बाईंच्या ऑफिसात दोनच माणसं होती, एक साहेब आणि एक त्या. हरवलेले दागिने, पळून गेलेले भागीदार असली चमचमीत कामं साहेब स्वतःकडे ठेवत. उरलेली बाईंच्या टेबलावर येत, आणि वर साहेब म्हणत, "तुम्हाला लवकर घरी जायचं असतं ना, म्हणून सोपं दिलंय." लवकर म्हणजे पाच. पाचला पाळणाघर बंद व्हायचं. तिथल्या काकूंनी परवाच बजावलं होतं, "पाच म्हणजे पाच. पाच वाजून पाच मिनिटं म्हणजे पाच नव्हे." दोन वर्षांची लेक सकाळी घराच्या दाराला चिकटून रडली होती, आणि त्या रडण्याचा ओला डाग बाईंच्या खांद्यावर अजून होता.

कारखाना सूत रंगवण्याचा होता. मालकांचे वडील, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत, तीन आठवड्यांपूर्वी गेले. मागे ही पेटी ठेवून गेले. वहीच्या पानाएवढी पुठ्ठ्याची कार्डं होती. प्रत्येकाच्या कोपऱ्याला रंगवलेल्या सुताचा एक गोंडा, वर नंबर, खाली त्या रंगाची कृती. किती पळ्या रंग, किती बुडवण्या. वस्ताद असेपर्यंत पेटीला कुणी हात लावायचा नाही, मोजणं तर दूरच. आता एक मोठी कंपनी ती सगळी विकत घेणार होती.

"शेवटच्या कार्डावर चाळीस लिहिलंय," मालक म्हणाले. "करारात चाळीस लिहिलंय. चार वाजता ती माणसं येणार. तोवर नऊ कार्डं सापडली तर ठीक. नाहीतर चारला त्यांच्यापुढे हात जोडायचे आणि सव्वाचारला मावशींना घेऊन पोलिसांत जायचं."

"मावशी कोण?"

"चोर," मालक म्हणाले. "मागे कढईपाशी आहे. जा, भेटा. काही बोलली तर मलाही सांगा."

२

मावशी कढईपाशी होती, आणि थांबायला तयार नव्हती.

"बोला तुम्ही, बाई. माझे हात थांबले तर सुतावर डाग पडतील."

ती दोरीवरून सुताच्या लड्या काढत होती. एक लडी अंगठा आणि तर्जनीच्या फटीत, दुसरी पुढच्या फटीत, तिसरी, चौथी. मग दुसरा हात. लड्या एकमेकींना चिकटल्या की तिथे रंग चढत नाही, म्हणून बोटांच्या फटीत अडकवायच्या आणि दोन्ही हात एकदम निळ्यात उतरवायचे. पुन्हा वर, झटकायचं, पुन्हा खाली. कोपरापर्यंत निळे झालेले ते हात बाई बघतच राहिल्या. बावीस वर्षं हेच काम.

"मावशी, नऊ कार्डं गेलीत. तुमच्यावर आळ आहे. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग काहीतरी सांगा."

"नऊ कशी जातील?"

"म्हणजे?"

"म्हणजे नऊ जाणार नाहीत."

"पण गेलीत ना! मी आत्ता मोजून आले."

मावशीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने आपली लेक चमच्याने केस विंचरायला लागली की बाई तिच्याकडे पाहत. कीव आणि माया सारख्याच भागात.

"बरं, किती गेलीत ते तरी सांगा."

"ते सांगता यायचं नाही. मोजणीचं बोलायचं नाही असं बंधन वस्तादांनी घातलंय. ज्याचा हात रंगात पडला नाही त्याच्यापाशी मोजणीचं बोलायचं नाही. मी शब्द दिलाय."

"अहो, पोलीस येणारेत! वस्ताद आता नाहीत."

"म्हणून तर," मावशी म्हणाली. "ते असते तर त्यांनाच विचारलं असतं, सांगू का म्हणून. आता कुणाला विचारू?"

बाईंनी डोळे मिटले आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. काही उपयोग झाला नाही.

"कुणी नेली असतील असं वाटतं, एवढं तरी?"

मावशीचे हात पहिल्यांदाच थांबले. लड्यांतून निळं पाणी टपटपत राहिलं. मग ती वळली आणि दोरीकडे गेली. पण जाता जाता हलक्या आवाजात म्हणाली, "ज्यानं नेलंय त्याला चोर नका म्हणू, बाई."

नेलंय. नेलीत नव्हे.

३

"दुसऱ्या कारखान्याचा माणूस तिला दोनदा भेटून गेलाय," मालकांनी पुरावे द्यायला सुरुवात केली. ते कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून आले होते. "हा पहिला पुरावा. दुसरा हा."

त्यांनी टेबलावर लड्या फेकल्या. पेटी उघडल्यापासून मालक स्वतः रंग करून बघत होते. कार्ड समोर ठेवायचं, आकडा न आकडा पाळायचा. फिकट रंग हुबेहूब आले होते. पोपटाच्या पोटाखालचा हिरवा, दुधात पडलेल्या शाईसारखा निळा, कार्डावरच्या गोंड्याशेजारी धरले तर ओळखू येत नव्हते. गडद रंग मात्र जळके, काळवंडलेले. एकही गोंड्याशी जुळत नव्हता.

"बघा! इथं लिहिलंय बारा पळ्या रंग, चौदा बुडवण्या. मी मोजून बारा पळ्या घातल्या. मोजून चौदा बुडवण्या दिल्या. आणि आला काय? कोळसा! ही बाई कढईत काहीतरी घालून ठेवते. मी नापास व्हावं म्हणून."

"मग फिकट रंग का बिघडवत नाही?"

"ते तुम्ही शोधा. तेवढ्यासाठी तर बोलावलंय."

बाईंनी फिकट रंगाची कार्डं बघितली. तीन पळ्या, पाच बुडवण्या. चार पळ्या, सात बुडवण्या. आकडे लहान तिथे सगळं ठीक. आकडे मोठे झाले की कोळसा.

"तुम्ही वडिलांच्या हाताखाली कधी काम केलंत?"

"मी विक्री बघायचो. कढईशी आलो तर हातमोजे घालून. बाबांना ते आवडायचं नाही. म्हणायचे, मोजे घालून हात धुतोस का? आता माझी त्वचा नाजूक, त्याला मी काय करू?"

तेवढ्यात कारकून यादी घेऊन आला. याद्या करणं हे त्याच्या जगण्याचं एकमेव सुख होतं. पेटीतल्या कार्डांची यादी त्याने गेल्या बुधवारी, पेटी पहिल्यांदा उघडली त्या दिवशीच केली होती. उरलेल्यांची एक, आणि नसलेल्यांची दुसरी. दुसरीला लाल शाई.

"वाचून दाखवतो," तो म्हणाला. "आठ. नऊ. अठरा. एकोणीस. सव्वीस. अठ्ठावीस. एकोणतीस. अडतीस. एकोणचाळीस. एकूण नऊ."

बाईंचा फोन वाजला. नवरा.

"तिचा दुसरा मोजा कुठे आहे गं? एकच सापडतोय."

"दुसरा तिच्याच पायात आहे. पाळणाघरात. तू आज तिला एकच मोजा घालून सोडलंस."

"अच्छा. मग हरवला नाही म्हणायचा."

"नाही! काहीच हरवलं नाहीये!" असं ओरडून बाईंनी फोन ठेवला. कारकून आणि मालक त्यांच्याकडे बघत होते.

"पेटी कुलपात होती. किल्ली?"

"खिळ्याला," मालक म्हणाले. "सगळ्यांनाच दिसते. पण बुधवारच्या आधी पेटीच्या खोलीत एकच माणूस गेला होता. माझी बहीण. बाबांचा फोटो शोधायला." आणि लगेच, "तिचं नाव नका घेऊ. ती शाळेत गणित शिकवते."

४

ताई चिडूनच आल्या. शाळेचा तास सोडून यावं लागलं होतं, काखेत तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. भावाहून चार वर्षांनी मोठ्या, पंचेचाळीसच्या.

"अरे, तू या बाईला बोलावलंस, आणि आता ही मला बोलावते. घरात चोरी झाली की घरच्यांचेच तास बुडवायचे का?"

"दहा मिनिटं, ताई," तपासनीस बाई म्हणाल्या.

"तुम्ही पाच म्हणालात तरी पंचवीस होणार. माझ्या वर्गातली मुलंही अशीच वेळ मागतात."

बाईंना त्या आवडल्या. पण आवडलेल्या माणसांचीच चौकशी जास्त वैतागाची असते.

"वस्तादांनी तुम्हाला रंगाचं काही शिकवलं होतं?"

"मला?" ताईंच्या ओठांचा कोपरा वाकडा झाला. "मी कढईच्या आसपास फिरकायची नाही. मुलीच्या जातीला शोभत नाही, हात खराब होतात, लग्न कसं होणार. ही आईची भाषा. आणि बाबा गप्प. मग एक दिवस बाहेरून एक बाई आली, आणि तिला शेजारी उभं करून त्यांनी सगळं शिकवलं. मुलीचे हात खराब होतात. मावशीचे होत नाहीत."

"मावशींनी चोरी केली असेल?"

"माहीत नाही." मग रागाने, "केली असेल. का नाही करणार? पण एक सांगते, हे एकाचं काम नाही. दोन चोर आहेत."

"दोन? हे कशावरून?"

ताईंनी पेपरांचा गठ्ठा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"असंच वाटतं."

"गणिताच्या बाईंना असंच वाटत नाही सहसा."

"मग आज वाटलं समजा," ताई म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "झाली तुमची दहा मिनिटं."

अकरा झाली होती.

५

अडीच वाजता बाई एकट्या पेटीपुढे बसल्या. डबा उघडलेला, हातातला घास तसाच.

सगळ्यांचाच राग येत होता. सांगायला तयार नसलेल्या मावशीचा, सांगत सुटलेल्या मालकांचा, लाल शाईचा. त्यांनी यादी पुढ्यात ओढली. आठ, नऊ. अठरा, एकोणीस. चोर काय जोडीजोडीने नेतो? हाताला लागतील ती उचलतो, नाहीतर किमती असतील ती निवडतो. हा तर मध्येच दोन, मग आठ सोडून दोन, मग पुन्हा...

त्यांनी घास खाली ठेवला.

अठ्ठावीस, एकोणतीस. अडतीस, एकोणचाळीस. प्रत्येक नंबराच्या शेवटी आठ नाहीतर नऊ. फक्त एक सोडून. सव्वीस.

असा कुठला चोर, ज्याला आठ आणि नऊच आवडतात?

मग त्यांना दुसरीच शंका आली आणि त्यांनी एकतीसच्या एकतीस कार्डं टेबलावर पसरली. आता नंबर नाही, कृती वाचायची. तीन पळ्या, पाच बुडवण्या. बारा पळ्या, चौदा बुडवण्या. सोळा पळ्या, एकवीस बुडवण्या. प्रत्येक कार्डावर चार-पाच आकडे. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दोनदा वाचली.

एकाही कार्डावर आठ नव्हता. एकाही कार्डावर नऊ नव्हता.

उभं आयुष्य एक माणूस रंग मोजतो आणि त्याला एकदाही आठ पळ्या लागत नाहीत? नऊ बुडवण्या लागत नाहीत?

जे आकडे त्या माणसाकडे नव्हतेच, त्या नंबरांची कार्डं तो बनवणार कुठून? आठ कार्डं चोरीला गेलीच नव्हती. ती जन्मालाच आली नव्हती.

आणि गेलं होतं ते एकच.

बाई उठल्या. जाताना त्यांनी ब्लाउजची बाही वर केली, अगदी दंडापर्यंत.

६

"काय करताय, बाई! हा रंग महिना महिना जात नाही!"

"माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी उजवा हात कोमट निळ्यात कोपरापर्यंत घातला. पाणी मऊ होतं, लेकीच्या आंघोळीच्या पाण्याइतकंच ऊन. वर काढला तेव्हा हात हिरवा होता, आणि बघता बघता हवेत निळा झाला.

"पडला माझा हात रंगात. आता बोला."

मावशी आधी हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात निळे होते म्हणून तिने खांद्यालाच तोंड पुसलं.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

तिने बाईंच्या बोटांच्या फटीत लड्या अडकवायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन. चार." मग दुसऱ्या हाताला. "पाच. सहा. सात. आणि ही?"

"आठ."

"आठ कशाला? बघा ना, हात भरले. आता कुठे अडकवाल? ही मूठ. एक मूठ झाली, बुडवा, मोकळे करा, पुन्हा पहिल्यापासून. एक मूठ एक, एक मूठ दोन. वस्ताद एक मूठ लिहायला एकावर शून्य काढायचे. म्हणजे एक मूठ आणि वर काही नाही. त्यांच्या वडिलांपासून असंच. तुम्ही लोक बोटं मोजता. आमची बोटं कामात असतात. आम्ही फटी मोजतो."

बाईंच्या डोक्यात आकडे भराभर घरंगळले. लिहिलेलं दहा म्हणजे आपले आठ. लिहिलेलं बारा म्हणजे आपले दहा. आणि मालक बिचारे बारा बघून बारा पळ्या घालत होते! सातपर्यंत दोघांचे आकडे सारखे, म्हणून फिकट रंग जमत होते. पुढे प्रत्येक आकडा फुगलेला, म्हणून गडद रंग जळत होते. कुणी कढईत काही घातलं नव्हतं.

"आणि लिहिलेलं चाळीस म्हणजे चार मुठी," त्या म्हणाल्या. "बत्तीस. बत्तीस कार्डं होती, एकतीस उरली. एक गेलं. लिहिलेला नंबर सव्वीस."

"दोन मुठी सहा," मावशी म्हणाली. "ओल्या विटेचा रंग."

"तुम्हाला कुणी नेलं ते माहीत आहे."

"पेटी माझ्यापुढे ओतली तेव्हाच कळलं."

"आणि तरी तुम्ही पोलिसांत जायला निघालात?"

"दोन मुठी सहाच्या पाठीवर काय आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही," मावशी म्हणाली. "पाहिलं असतं तर तुम्हीही नाव घेतलं नसतं."

७

ताई नमुन्यांच्या खोलीत पेपर तपासत बसल्या होत्या. शाळेत परत गेल्या नव्हत्या. भावाने 'सव्वाचारला मावशीला पोलिसांत देणार' म्हटल्यावर त्या निघाल्याच नव्हत्या, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं. साडेतीन झाले होते.

"ताई, तुमचं दोन चोरांचं मला पटलं."

ताईंनी मान वर केली नाही. लाल पेन चालत राहिलं.

"फक्त एक विचारायचंय. त्यातला खरा चोर कोणता?"

"हा काय प्रश्न झाला? ज्यानं आठ नेली तो!"

पेन थांबलं.

बाहेर दोरीवरून पाणी टपटपण्याचा आवाज येत होता. बाईंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. लेकीने खाऊ लपवलेला हात मागे धरावा आणि आपण तो उघडायला सांगावा, तसं वाटत होतं.

"नऊ गेलीत," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यांनाच नऊ गेलीत एवढंच माहीत आहे. त्यातून एक वेगळं काढून आठ उरतात, ही वजाबाकी ज्याला ते एक कुठे आहे हे माहीत आहे तोच करील. तुम्हाला खरंच वाटलं, आपण एक घेतलं आणि आपल्या मागून कुणीतरी येऊन आठ नेली."

"मग कुणी नेली?" ताईंचा आवाज चिरका झाला. "तीन दिवस डोकं फुटायची वेळ आलीय माझी! मी बोलले तर नऊही माझ्यावर येणार. नाही बोलले तर मावशी जाणार. आणि कदाचित आठ तिनंच नेली असतील! मी काय करायचं होतं?"

"आठ कुणीच नेली नाहीत."

ताई बघत राहिल्या. मग त्यांनी पेपरांच्या गठ्ठ्यात हात घातला आणि मधून एक पुठ्ठा ओढून काढला. कोपऱ्याला विटकरी सुताचा गोंडा होता.

"मला ते विकू द्यायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाकी काहीही विका."

बाईंनी कार्ड उलटं केलं.

१०

पाठीवर दोन तळहातांचे ठसे होते. पाच वर्षांच्या मुलीचे असतील एवढे, ओल्या विटेच्या रंगात, शेजारी शेजारी. आणि वस्तादांच्या हाताने लिहिलेले आकडे.

कढईपाशी सगळे जमले. मालक, कारकून, मावशी. ताई बोलत होत्या, कुणाकडेही न बघता.

"मी लपून कढईशी गेले आणि दोन्ही हात आत घातले. वाटलं, आता मार बसणार. बाबांनी हात धरून या पुठ्ठ्यावर दाबले आणि आकडे लिहायला लागले. मला आकडे येत होते, मी म्हटलं, बाबा, चुकलं, अंगठ्याला आकडाच दिला नाहीत! बोटावर लिहायचं सोडून मध्येच लिहिता! आणि सातानंतर एकदम दहा? ते हसत सुटले. म्हणाले, थांब, सांगतो. तेवढ्यात आई आली. मला उचलून नेलं, राखेनं हात घासले. त्यानंतर कढईपाशी जाऊ दिलं नाही. आणि बाबांनीही कधी पुढचं सांगितलं नाही."

बाईंनी कार्ड मावशीपुढे धरलं. डाव्या हाताच्या चार फटींत एक, दोन, तीन, चार. उजव्या हाताच्या फटींत पाच, सहा, सात, आणि शेवटच्या फटीत एकावर शून्य.

"मूठ," मावशी म्हणाली. "चुकले नव्हते ते, ताई. मोजणी शिकवत होते. मला शिकवली त्याच्या आधी दोन मुठी दोन वर्षं तुम्हाला शिकवायला घेतली होती."

सोळा आणि दोन, अठरा, असा हिशेब बाईंनी मनात केला. ताईंनी बहुधा त्यांच्याही आधी केला होता, कारण त्या मटकन कढईच्या ओट्यावर बसल्या.

"वीस वर्षं," त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मी पोरांना सांगतेय, बोटं मोजा, बोटं मोजा. आणि उत्तर माझ्या स्वतःच्या हातावर लिहिलेलं!" त्या हसत होत्या की रडत होत्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"एक मिनिट," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा हळूहळू विटकरी होत चालला होता. "म्हणजे मी बुधवारपासून सूत जाळतोय ते... आणि करारात चाळीस... आणि मावशी, तुम्ही एवढं साधं मला सांगितलं नाहीत?"

"तुमचे हातमोजे," मावशी म्हणाली.

मालकांनी हातांकडे पाहिलं. फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. चार वाजले होते. मालकांनी एक मोजा ओढून काढला, मग दुसरा. गोरेपान, लहान मुलासारखे हात होते. कढईत घालताना त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"चुकलो, मावशी," ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. "तोंडावर चोर म्हटलं मी तुम्हाला."

"मागून म्हणण्यापेक्षा बरं," मावशी म्हणाली. "बोटं फाकवा. चिकटवून धरलीत तर डाग पडतील."

"त्यांना सांग कारकुना, करार बदलायचाय," मालक म्हणाले. "कृती वाचायला मावशी लागतील, आणि मावशी विकायच्या नाहीत. त्या इथेच राहणार. आणि ताईचं कार्ड ताईकडे. एकतीस लिही."

कारकुनाने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा यादीवरचा विश्वास उडाला होता.

"एकतीस आपली, साहेब, की वस्तादांची? वस्तादांची असतील तर सदतीस लिहावी लागतील."

"अरे देवा," मालक म्हणाले.

बाई निघाल्या तेव्हा मागे ताईंनी पदर खोचला होता. हात पुढे केले होते आणि मावशी त्यांच्या फटीत एकेक लडी अडकवत होती. एक. दोन. गणिताच्या बाई मोठ्याने, शहाण्या विद्यार्थिनीसारख्या मोजत होत्या.

पाळणाघरात पोचायला पाच वाजून चार मिनिटं झाली. काकू दारातच उभ्या होत्या.

"पाच म्हणजे... अगं बाई, हा हात कशानं झाला?"

"कामानं," बाई म्हणाल्या.

एका पायात मोजा घातलेली लेक धावत आली. निळा हात बघून थबकली. वास घेतला. मग तिने तो स्वतःकडे ओढला आणि पहिल्या फटीत एक बोट घातलं, दुसरीत दुसरं, तिसरीत तिसरं, चौथीत चौथं. अंगठा उरला. तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. तिने थोडा विचार केला, कपाळाला आठ्या घातल्या आणि शेवटी तो तोंडात घालायचा म्हणून आईचा अख्खा हात ओढत तोंडापाशी नेला.

दोघी तशाच, एकमेकींत अडकून, घरी निघाल्या.